ऐंशीचे अडुसष्ट

नामा त्या दिवशी खालापूरला गेला तो फक्त मिलिंदला बोलवायला. फोन लावून झाले होते. मिलिंद उचलायचा, "येतो काका, उद्या येतो" म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. त्याचंही खरं होतं म्हणा. पाऊस नुकताच उघडला होता, फार्महाउसवाल्यांची वर्दळ सुरू झालेली, आणि त्या प्रत्येकाला स्विमिंग पूलच्या काठावर बसून नेट पाहिजे. कर्जत-खालापूर पट्ट्यात ते धड बसवून देणारा माणूस मिलिंद. तेव्हा नामानं पळसदरीहून खोपोलीची गाडी धरली, पुढं टमटम केली आणि टोलनाक्याच्या अलीकडं मिलिंदच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसला. उठेच ना. गिऱ्हाईक आलं की जरा सरकायचा आणि परत तिथंच.

"काका, एवढं काय अडलंय?" मिलिंदनं शेवटी विचारलं.

"पोरीचं अडलंय," नामा म्हणाला. "रोज रडते रं."

हे त्यानं वाढवून सांगितलं. त्याची सोनाली रडणाऱ्यातली नव्हती. चोवीस वर्षांची पोरगी, सकाळी कर्जतला एका दवाखान्यात कामाला जायची, दुपारी घरी, आणि संध्याकाळी साडेपाच वाजले की मागच्या खोलीत कानाला ते मोठे हेडफोन लावून गेम खेळायला बसायची. नुसती खेळायची नाही, खेळताना सगळ्या जगाला दाखवायची, लाइव्ह. सुरवातीला नामाला वाटलं की पोरगी एकटीच बडबडते, बाहेरचं काही बघावं लागतंय की काय. मग कळलं की पलीकडं हजार-दोन हजार माणसं ऐकत असतात, कोण नांदेडचं, कोण दुबईचं, आणि त्यांना तिची ही आपली इकडची बोलीच आवडते. पुण्याची एक टीम तिला घ्यायला तयार होती. अट एकच, दोन महिने खेळताना लाइन तुटता कामा नये. आणि लाइन तर रोज तुटत होती. रोज, पावणेसहाच्या सुमाराला.

नामाचं घर लांबोडकं आहे. पुढं पडवी, मग माजघर, कडेला स्वैपाकघर, आणि माजघराच्या मागं सोनालीसाठी बांधलेली खोली. भिंती जुन्या, दगडी, हातभर रुंद. पडवीत येणारी लाइन मागच्या खोलीपर्यंत पोचेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मिलिंदनंच तीन पांढरे डबे बसवून दिले होते. एक पडवीत, एक माजघरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, आणि एक सोनालीच्या खोलीत. त्याला मेश म्हणतात. पडवीतल्या डब्यानं माजघरातल्याला हाक द्यायची आणि माजघरातल्यानं खोलीतल्याला. मधे भिंत नको म्हणून ती दुसरी हाक खोलीच्या उघड्या दारातून जायची. दाराला नुसता पडदा, तोही दोरीनं बाजूला बांधलेला. पहिलं वर्ष सगळं झकास चाललं. मग गेल्या वर्षी भादव्यात नामाची बायको गेली, इंदूबाई, आणि त्यानंतर कधीतरी हे तुटणं सुरू झालं. लाइनवाली कंपनी बदलली, डबे बदलले, काही उपयोग झाला नाही.

मिलिंद आला तो मुद्दाम साडेपाचला. दुखणं दुखतंय तेव्हाच नाडी बघावी, असं त्याचं म्हणणं. सोनाली आत बसली होती. हा माजघरात फळीखाली मांडी घालून बसला, लॅपटॉप उघडला आणि नामाला समजावून सांगायला लागला. पडद्यावर एक मोठा आकडा होता, ऐंशी. माजघरातला डबा आणि खोलीतला डबा एकमेकांशी किती धड बोलतायत त्याचा हा आकडा, शंभरापैकी. सत्तरच्या खाली उतरला की खोलीतला डबा गांगरतो, माजघरातल्याचा हात सोडतो आणि दगडी भिंतींमधून थेट पडवीतल्याला पकडायला बघतो. त्या धावपळीत चार-पाच सेकंद जातात. तेवढ्यात तिकडं खेळातलं माणूस मेलेलं असतं.

"तुमी जरा त्या उंबऱ्यात उभे राहा," मिलिंद म्हणाला.

नामा राहिला. आकडा ऐंशीचा अडुसष्ट झाला. आतून सोनाली ओरडली, बाजूला व्हा म्हणून. नामा बाजूला झाला, परत ऐंशी.

"माणूस म्हंजे पाण्याचा हंडाच काका. लाटा पिऊन टाकतो. एक माणूस, बारा आकडे."

नामाला गंमत वाटली. आपण काही न करता नुसते उभे राहिलो तरी बारा आकडे खातो, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो मिलिंदच्या पाठीमागं येऊन, भिंतीला टेकून बसला. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. मालगाडी घाट चढत होती, मागून ढकलणारी इंजिनं घोगऱ्या आवाजात दम टाकत होती. नामानं रेल्वेत तीस वर्षं गँगमन म्हणून काढलेली. ह्या आवाजानं त्याला घरबसल्या घड्याळ कळतं. पावणेसहा.

मिलिंद वायरींच्या पिशवीत डोकं घालून काहीतरी शोधत होता. त्यानं सहज लॅपटॉपकडं बघितलं. अडुसष्ट.

"काका, बाजूला व्हा ना," तो मान वर न करता म्हणाला.

"मी हितंच हाय."

नामाचा आवाज त्याच्या कानामागूनच आला होता. मिलिंदनं मान वर केली. उंबऱ्यात कोणी नव्हतं. पडदा दोरीत बांधलेला, जागचा हलत नव्हता. पलीकडं सोनालीची पाठ, तिच्या केसांवर स्क्रीनचा निळा उजेड. "गेलं... परत गेलं," ती टेबलावर हात आपटून म्हणाली. आकडा अडुसष्टवर जो बसला तो हलेना.

मिलिंद उठला आणि स्वतः जाऊन उंबऱ्यात उभा राहिला. मग नामाला विचारलं, किती.

"छप्पन," नामा म्हणाला.

तो बाजूला झाला. अडुसष्ट. परत उभा राहिला. छप्पन. असं तीनदा केलं. "माझे बारा," तो आपल्याशीच म्हणाला, "म्हंजे माझ्या आधी हितं कुणीतरी..." मग त्यानं भिंत ठोकून बघितली, आत पाण्याचा पाइप आहे का विचारलं, फ्रिज बंद करून बघितला. मागच्या तीन महिन्यांच्या आकड्यांची रेघ काढून बघितली. रोज पावणेसहाला आकडा बारा उतरायचा आणि सोनालीचं लाइव्ह संपलं की वर यायचा. ज्या दिवशी ती खेळली नाही त्या दिवशी रेघ सरळ.

मिलिंद असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. त्यानं लॅपटॉप मिटला आणि सांगितलं की आपण सरळ वायर टाकू. डब्याला डबा वायरनं जोडला की मधे कुणी का उभं राहीना. शनिवारी येतो म्हणाला. नामाच्या फोनवर तो आकडा दिसेल अशी सोय करून दिली आणि निघाला. चहा ठेवला होता, तो न घेताच.

आता तुम्हांला वाटेल, नामाची पाचावर धारण बसली असेल. तसं काही झालं नाही. मिलिंदनं दुसऱ्यांदा छप्पन म्हणवून घेतलं तेव्हाच नामाला उमगलं होतं, आणि त्याच्या छातीत जे काही भरून आलं त्याला भीती म्हणता येणार नाही. वर्षभरात त्याला इतका आनंद झाला नव्हता.

कारण त्या उंबऱ्यात इंदू उभी राहायची. सोनालीचा नियमच होता की लाइव्ह चालू असताना कुणी आत यायचं नाही, कॅमेऱ्यात दिसतं. काही सांगायचं असलं तर उंबऱ्यात थांबायचं. ती मागं न बघता एक हात वर करायची, तळवा उघडा, म्हणजे थांब. गँगमनची पोर, लहानपणी बापाबरोबर रुळाच्या कडेला हातानं गाड्या थांबवायचा खेळ खेळलेली. मग हात खाली करून बोटांनी बोलवायची, म्हणजे ये. इंदू पण अशी मुलखाची हट्टी की ये म्हणेपर्यंत हलायची नाही. पदर तोंडाला लावून अर्धा-अर्धा तास उभी. त्या खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण नंतर नामाला सांगायची, आज पोरीनं चौघांना लोळवलं. कौतुक नुसतं डोळ्यांतून सांडायचं.

आणि गेलीही तिथंच. नामा त्या दिवशी जवळच कोंडाणे गावात मेव्हण्याकडं गेला होता, घरी आला तर ही उंबऱ्यात बसलेली, डोकं चौकटीला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले हृदय. दहाव्याला नदीवर घास ठेवला तर हात मागं घ्यायच्या आत कावळा शिवला. सगळे म्हणाले, सुटली बाई, कशात जीव अडकला नव्हता. सगळ्यांना बरं वाटलं. नामाला मात्र ते लागलं, फार लागलं. पस्तीस वर्षांचा संसार, आणि हिचा कशातच जीव राहिला नाही? माझ्यातसुद्धा? हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तो वर्षभर ते गिळून होता.

म्हणून म्हटलं, त्याला आनंद झाला. इंदूचा जीव राहिला होता. घरात राहिला होता. त्याला बारा आकडे वजन होतं.

दुसऱ्या दिवसापासून नामाचा एक नेम झाला. पाचलाच चहा घ्यायचा, माजघरात उंबऱ्यापासून दोन हातांवर बसकर टाकायचं, फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि काहीतरी निवडायला घ्यायचं. घाटातली मालगाडी दम टाकायला लागली की त्याचा जीव कानात यायचा. ऐंशी. ऐंशी. ऐंशी. आणि मग अडुसष्ट.

"आलीस," तो हळूच म्हणायचा.

मग तो तिला दिवसाचं सांगत बसायचा. भाताला लोंबी धरलीय, या वर्षी बरी आहे. गॅसवाला आज पण आला नाही. गंगाबाईची सून बाळंत झाली, मुलगी. आतून सोनालीचा आरडाओरडा चालायचा, लाइन तुटल्यावर चडफडायची, आणि हा बाहेर बायकोशी बोलत बसलेला. एकदा त्यानं धीर करून उंबऱ्याकडं हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही, गार पण नाही, नुसती संध्याकाळची हवा. पण वास आला. मशेरीचा. इंदू तव्यावर मशेरी भाजायची त्याचा तो कडवट, करपट वास, आणि तो घरात वर्षभर नव्हता. नामा हात तसाच पुढं धरून बसला. खांदा भरून आला तरी.

एक गोष्ट त्याला खुपायची. ती आली की उभी राहते ती पोरीला बघायला; माझ्यासाठी नव्हे. पण माणसानं किती मागावं? घरात असल्याशी कारण, असं तो मनाला सांगायचा.

शनिवारी मिलिंद वायर घेऊन आला तर नामानं दारातूनच परतवला. आज घरात पाहुणे आहेत म्हणाला. पुढल्या वेळी भिंतीला ओल आहे म्हणाला. तिसऱ्या खेपेला मात्र सोनालीनंच त्याला फोन करून बोलावलं, ती घरी असताना, आणि मिलिंदनं तासाभरात आढ्याच्या कडेनं वायर टाकून दोन्ही डबे जोडून दिले. त्या संध्याकाळी आकडा अडुसष्टवर आला, पण सोनालीच्या खेळाला धक्का लागला नाही. ती दीड तास खेळली, आणि जेवताना पहिल्यांदाच गाणं गुणगुणत होती.

नामाला पण बरं वाटायला हवं होतं, नाही का? आकडा उतरतोच आहे, इंदू येतेच आहे, पोरीचंही चाललंय. पण तिसऱ्या दिवसापासून आकडा उतरायचा तो उशिरा, सहाच्या पुढं. मग साडेसहाला. मग पाच मिनिटांसाठी. वर्षभर ती आली की पोरगी वैतागून मागं वळून बघायची, "कोण हाय?" म्हणायची. आता कुणी वळत नव्हतं. नामाला वाटलं, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही असं दिसलं की माणूस घरातून निघतं. जिवंत असलं तरी निघतं.

एका दुपारी, सोनाली दवाखान्यात असताना, त्यानं सुरी घेतली, स्टुलावर चढला आणि वायर कापली. संध्याकाळी खेळ कोसळल्यावर उंदरांच्या नावानं बोटं मोडली. सापळा पण आणून ठेवला, बिचाऱ्यानं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी सोनालीनं वायरची दोन्ही टोकं आणून त्याच्या तळहातावर ठेवली.

"उंदीर सुरी वापरतो का, बाबा?"

नामाला खोटं फार वेळ पेलत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. बारा आकडे, पावणेसहा, मशेरीचा वास, आपला रोजचा नेम. सांगताना वाटलं की ही आता चिडेल, नाहीतर हसेल, नाहीतर दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारेल बापाच्या डोक्याचं. सोनाली खाली जमिनीवर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बघितलं होतं तिला," ती म्हणाली. "त्या दिवशी. स्क्रीनच्या काचेत दिसत होती मला, उंबऱ्यात. छातीवर हात होता. मला वाटलं पदर धरलाय... मी हात वर केला."

नामा तिच्यासमोर खाली बसला.

"ती थांबली बाबा. मी हात खाली करायचाच इसरले."

वर्षभर ही पोरगी हे पोटात घेऊन हसत होती, खेळत होती, दवाखान्यात लोकांना सुया टोचत होती. नामानं तिला जवळ घ्यायला हवं होतं. तुझा दोष नाय बाय, असं म्हणायला हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं काय, तर "दोन घास खाऊन घे." ह्या शब्दांचा त्याला अजून पश्चात्ताप होतो.

सोनालीनं डोळे पुसले आणि सांगितलं, की आज मी तिला आत बोलावते.

नामाला हे नको होतं. थांबवून ठेवलेलं माणूस थांबतं तरी; आत बोलावलं, त्याचं काम झालं, की मग ते कशाला राहील? नको म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण आई तिची होती, आणि हात पण तिनंच वर केला होता. 

संध्याकाळी साडेपाचला तो आपल्या जागी बसला. मोड आलेले वाल सोलायला घेतले होते, टोपात पाणी घालून. सोनालीनं लाइव्ह सुरू केलं, लोकांना रामराम केला, खेळायला लागली. पण आज ओरडत नव्हती. घरात तिन्हीसांजेचा अंधार कोपऱ्याकोपऱ्यातून पुढं सरकायला लागला, देव्हाऱ्यातला दिवा तेवढा तेवत होता. गाडी घाटाला लागली. नामाच्या हातातला वाल हातातच राहिला.

अडुसष्ट.

वास आला. आज इतका दाट, की घशाशी बसला.

आत सोनालीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खुर्ची फिरवली. तिची नजर नामावर नव्हती, जमिनीवर बसलेल्या नामाच्या कितीतरी वर होती, उभ्या बाईचं तोंड असतं तितक्या उंचीवर. तिनं हात पुढं केला, खाली घेतला आणि बोटांनी बोलावलं.

"ये आई. आत ये. लई वेळ उभं ठेवलं तुला."

काही झालं नाही. देव्हाऱ्यातली वात चरचरली. मग आकडा झाला ऐंशी.

गेली आत. नामापासून दोन हातांवरून गेली, आणि क्षणभर थांबली सुद्धा नाही. रोज इतकं बोललो तुझ्याशी, नामाच्या मनात आलं, एकदा बघितलं तरी असतंस माझ्याकडं. म्हातारपणी असं रडू येतं त्याची लाज वाटते, पण त्याला रडू आलं. तेवढ्यात पडद्याची दोरी सुटली, कशानं कोण जाणे, आणि दार झाकलं गेलं.

पडद्याआडून सोनालीचं हुंदके देणं ऐकू यायला लागलं. मग हसणं. मग अगदी बारीक आवाजात बोलणं, लहानपणी ताप आला की आईजवळ बोलायची तसं. "किती गार पडलेत हात गं..." मग बराच वेळ काही नाही. मग, "नको... एवढ्यात नको जाऊ... आता तर आलीस..."

नामा कान देऊन बसला होता.

"मग मी पण येते... थांब. मी पण येते..."

"सोने," नामानं हाक मारली.  उठायला गेला तर मांडी घालून पायाला मुंग्या आलेल्या, तो कोलमडला, वालाचा टोप लवंडला, पाणी सगळीकडं झालं. फोन त्याच्या तोंडासमोर पडला होता. त्यावर आकडा होता छप्पन.

तो स्वतः उंबऱ्यापासून लांब होता. पडद्याला कुणी शिवलं नव्हतं, पडद्याचा काठ पण हलला नव्हता. त्याच्या अंगावरून मशेरीचा वास गेला आणि त्याला लागूनच दुसरा, सोनालीच्या केसांच्या शांपूचा. दोन्ही वास माजघरातून पडवीकडं गेले. पडवीचं दार उघडंच होतं.

मग ऐंशी.

नामानं गुडघ्यावर सरपटत जाऊन पडदा ओढला. सोनाली खुर्चीत बसली होती. कानाला हेडफोन, स्क्रीनवर गोळ्या सुटतायत, "मार त्याला, मार, पळतंय बघ मुडदं" म्हणत जोरात खेळत होती. चाहूल लागून वळली. हसली.

"काय बाबा? पडला का काय?"

नामानं सुटकेचा श्वास टाकला, असा की बरगड्या दुखल्या. आपलंच काहीतरी चुकलं, म्हाताऱ्या डोळ्यांना ऐंशीचे छप्पन दिसले असतील. सोनालीनं लोकांना पाच मिनिटं थांबा म्हणून सांगितलं आणि सांडलेले वाल भरायला बाहेर आली. उंबरा ओलांडून. नामाची नजर सवयीनं फोनवर गेली. ऐंशी. ती फडकं आणायला खोलीत गेली. ऐंशी. फडकं घेऊन परत आली. ऐंशी.

"जरा उंबऱ्यात उभी राहा बाय," नामा म्हणाला.

"कशाला?"

"राहा तर."

ती राहिली. चौकटीला खांदा लावून, फडकं हातात धरून, बापाची गंमत वाटून हसत. पाठीमागं खोलीतला डबा, पुढं माजघरातला. दोघं एकमेकांशी असे बोलत होते, की मधे कुणी नाहीच. नामानं तिला बाजूला केलं आणि आपण उभा राहिला. अडुसष्ट. परत तिला उभं केलं. किती तरी वेळा. तिचा दंड धरून बघितला, ऊबदार होता. मनगटाची नाडी पण लागली. ऐंशी.

"झालं का बाबा तुमचं?" सोनाली म्हणाली. "बघा, आता कशी छान चाललीय लाइन."

तेव्हापासून लाइन कधी तुटली नाही. दोन महिने झाले, पुण्याच्या टीमनं तिला घेतलं. घरूनच खेळते. दिवाळीच्या आधी मिलिंद सहज डोकावला, आढ्याला लोंबणारी तुटकी वायर बघितली, लाइन ठणठणीत चाललेली बघितली आणि नामाला विचारलं की काका, केलं काय तुमी? नामा म्हणाला, काय नाय. मिलिंदनं आकडा बघितला, सोनाली त्याच्यासाठी चहा घेऊन उंबऱ्यातून आली तेव्हाही बघितला. चहा घेतला नाही. परत आलेला नाही.

पोरगी गुणाची आहे, त्यात काही खोट काढायला जागा नाही. वेळेवर कामाला जाते, बापाला ऊन-ऊन जेवायला वाढते, गुडघ्याला तेल लावून देते. खाते, झोपते, शेजारच्या बायकांशी हसून बोलते. फक्त आईचं नाव काढत नाही, एकदासुद्धा. नामानं मुद्दाम काढलं तर ऐकून घेते, परक्या माणसाच्या घरचं ऐकावं तसं.

संध्याकाळी ती स्वैपाकघरात भाताला आधण ठेवते. हल्ली आधी स्वैपाक करते, मग खेळायला बसते. नामा माजघरात उंबऱ्याशी बसलेला असतो, फोन भिंतीला टेकवून. गाडी घाटाला लागते. आतून ती हाक मारते, "बाबा, दिवेलागणीचं उंबऱ्याशी बसू नये, आत या." आवाज तिचाच, काळजी पण तिचीच.

"आलो बाय," नामा म्हणतो आणि हलत नाही. इंदू एकटी आली तर अडुसष्ट होतील, त्यानं भागायचं नाही. त्याला छप्पन बघायचे आहेत. दोघी मायलेकी येऊ देत.